माघारी घेतलेला नवस

आत्याबाईंना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. त्यांच्यामागे घर फार गप्प झालं. मी पहिल्यापासून कमी बोलणारी, हातात पुस्तक असलं की मला माणसाची उणीव भासत नसे. आता पुस्तक उघडते आणि एकच पान समोर धरून बसते. लोक भेटायला येतात, त्यांच्याविषयी चार शब्द बोलतात आणि शेवटी बहुतेक सगळे माझ्याकडे बघून एकच म्हणतात, "तुला त्यांनी नवसानं राखली." मी मान हलवते. ते खरं आहे की नाही हे मला कधीच नीट उमगलेलं नाही. ज्यांना विचारता आलं असतं त्या आता नाहीत.

गेल्या कार्तिकात तळेघरकडची एक बाई आपल्या सुनेला घेऊन आमच्या निरगुडसरच्या घरी आली. डोंगर उतरून घोडेगावापर्यंत दोघी चालत आल्या होत्या, पुढे कुणाच्या तरी गाडीतून. सून पोटुशी होती, ठकू तिचं नाव. ओसरीच्या कडेला टेकली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. सासूनं विचारलं, "म्हातारी कुटं हाय?"

"त्या गेल्या. आषाढात."

बाईनं काखेतलं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आमी डोंगरातली मानसं, आमाला समदं उशिरा कळतं. मंग आता तूच सांग. तुज्या सासूनं यमाईला काय नवस बोलला व्हता? त्यो शब्द आमाला पायजे."

ठकूचा नवरा खडकीला कामाला. पहिल्या वेळी ती तिकडेच होती, आणि अडली म्हणून पुण्याच्या दवाखान्यात पोट कापून मूल काढावं लागलं. मूल जगलं नाही. आता पुन्हा दिवस गेले होते, सातवा सरत आला होता. "डाक्टरीन म्हनती, हाडाची वाट आरुंद हाय, पुन्हा कापावंच लागंल," सासू सांगू लागली. "येकडाव कापली ती कशीबशी हाती लागली. दुसऱ्या डावाला कोन वाचतं गं? तुजं तर आपसूक झालं म्हनं. तुलाबी कापलेली व्हती ना?"

"होती."

"मंग सांग की."

माझी मुलगी समोरच शेंगा फोडत बसली होती. तिच्याकडे बघून मी नवस खोटा म्हणू शकत नव्हते. आणि खरा म्हणावा तर तो शब्द जसाच्या तसा या बाईच्या पदरात पडणार होता, नि ती सुनेला घेऊन डोंगर चढून परत जाणार होती. त्या दोघींना मी जेवायला घातलं, मुक्काम करा म्हटलं, आणि उत्तर सकाळवर टाकलं. त्या निजल्यावर जे सगळं पुन्हा मनात येत गेलं तेच इथे जमेल तसं लिहिते आहे.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, जुन्नरला. वडील तिथल्या शाळेत मास्तर होते. मला वाचायची गोडी लागली ती त्यांच्यामुळे. मूल पोटात आडवं होतं. सुईणीनं तेल लावून पोट चोळून ते फिरवायचा फार प्रयत्न केला. कळा येत होत्या आणि वाया जात होत्या. शेवटी वडिलांनी टांगा केला नि मला पुण्याला न्यायला काढलं. निरोप गेला होता, म्हणून मंचरला आत्याबाई रस्त्यात उभ्या होत्या. टांग्यात जागा नव्हती. तरी त्या चढल्या आणि माझं डोकं मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत गेल्या. पुढचं मला तुटक आठवतं. क्लोरोफॉर्मचा गोडसर, मळमळवणारा वास आठवतो. शुद्धीवर आले तेव्हा पोटाला घट्ट पट्टा होता आणि पाळणा नव्हता. कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आत शस्त्र चाललं होतं तेव्हा आत्याबाई बाहेर बसून यमाईला बोलल्या होत्या, "एवढ्या डावाला ही मला परत दे. पुन्यांदा हिच्या अंगाला लोखंड लागू देनार न्हाई." तो शब्द पक्का म्हणून त्यांनी त्याच दिवसापासून गूळ सोडला. आमच्याकडे नवस बोलताना असं काहीतरी सोडतात, म्हणजे रोज जेवताना त्याची आठवण राहते. संक्रांतीला सगळ्या गावाचा तिळगूळ त्या दुसऱ्यांच्या हातावर ठेवत.

दवाखान्यातून निघताना तिथल्या बाईडॉक्टरांनी मला जवळ बसवून सावकाश समजावलं होतं. तुझी हाडाची वाट चांगली आहे, त्या म्हणाल्या, मूल आडवं होतं म्हणून कापावं लागलं. पुढचं सरळ असेल तर आपल्या वाटेनंही येऊ शकेल. पण बाहेरची जखम भरलेली दिसते तशी आतली दिसत नाही. पिशवीला वरून खाली चीर दिली आहे. कळांच्या जोरापुढे पुष्कळ वेळा ती शिवण टिकते, पण एखादीची फाटते. ती कुणाची फाटेल ते आधी सांगता येत नाही. फाटली तर आत रक्त जातं, आई नि मूल दोघांनाही वेळ उरत नाही. म्हणून दिवस भरायच्या बऱ्याच आधी इथे ये, आमच्या नजरेखाली राहा. पोट कुणाला दाबू देऊ नको, कळा वाढवायचा काढा घेऊ नको. आणि चाललेल्या कळा एकाएकी थांबल्या, तर बरं वाटलं म्हणून गप्प बसू नको.

हे शब्द मला पाठ झाले होते. घरी आल्यावर मी ते यजमानांना सांगितले, आत्याबाईंनाही. आत्याबाईंनी सगळं नीट ऐकलं. म्हणाल्या, "बया ग्वाड बोलती." एवढंच.

मधे बरीच वर्षं गेली. प्लेगनं गाव रानात नेलं नि परत आणलं. मग मला पुन्हा दिवस गेले, आणि घरात एक न संपणारं बोलणं सुरू झालं. यजमानांचं म्हणणं सरळ होतं: डॉक्टरांनी सांगितलं तसं आठव्यात पुण्याला जायचं, खोली घेऊन राहायचं. आत्याबाई नको म्हणत नव्हत्या. पण पुण्याला नेलं की लोखंड आलंच असं त्यांना वाटे, आणि लोखंड आलं की शब्द मोडला. शब्द मोडला तर देवी दिलेलं परत नेईल. मधे मी होते. मला दोघांचंही पटे. दिवसा यजमानांचं खरं वाटे नि देवघरात निरांजन लावताना आत्याबाईंचं. एवढं वाचलेली बाई मी, पण माझ्या पोटाविषयी मला स्वतःचं म्हणून मतच नव्हतं. आज आठवलं की त्याचं नवल वाटतं.

एकदा यजमान चिडून म्हणाले, "डॉक्टरणीनं सांगितलंय ना? मग आणखी कुणाला विचारायचं?"

"तुज्या डाक्टरनीनं दिली व्हय ही परत?" आत्याबाई म्हणाल्या. "मी मागितली म्हनून मिळाली."

"मागायचीच होती तर एक पक्की शिवण मागायची. तेवढी राहिली."

मी तोंडाला पदर लावला, मला हसू आलं होतं. आत्याबाईंना ते दिसलं. "हास, तूबी हास," त्या म्हणाल्या. "मायलेकाच्या भांडनात सूनच शानी निघती."

शेवटी कौल लावायचं ठरलं. कौल म्हणजे देवीलाच विचारणं. गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. मंगळवारी आम्ही देवळात गेलो. पुण्याला न्यावं का, असं आत्याबाईंनी विचारलं आणि समोर बसल्या. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आलं, मग तिथून निघूनही गेलं. कळी पडेना. गुरव दोनदा पाणी शिंपडून आला. तो म्हणाला, "आज आई बोलायच्या मनात न्हाई. म्होरल्या मंगळवारी या."

पुढल्या मंगळवारी दोन्ही कळ्या एकदमच पडल्या. त्याच्या पुढल्या मंगळवारी पुन्हा काहीच नाही.

अशा वाट बघण्यात माझा आठवा महिना निघून गेला. डॉक्टरांनी सांगितलेली वेळ केव्हाच उलटली. आता वाटतं, पुण्यातलं कुणीही माणूस हे ऐकून कपाळाला हात लावील. पण आमच्याकडे देवीला एकदा विचारलं की उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नसतं. यजमानही बडबड करत, पण बैल काही जुंपत नव्हते. फाल्गुन लागला, हरभरा निघाला. पाय सुजले म्हणून मी ओसरीवर पडून असे. एक दिवस आत्याबाई शेतातून आल्या, माझ्या पायांकडे बघितलं आणि तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, "जाऊ या. ती बोलत न्हाई, तर मी किती दिस तोंड बगत बसू? जाऊ पुन्याला. लोखंडाचं तितं गेल्यावर बगू."

आम्ही गाडीत गवत घालून निघालो. मंचरला एका नात्यातल्या घरी रात्र काढली. तिथे पहाटे माझी कंबर दुखू लागली. गाडीच्या हिसक्यांनी दुखत असेल असं मी स्वतःला समजावलं. पेठ गाव जवळ येईपर्यंत समजावण्यासारखं काही राहिलं नव्हतं; कळा नेमानं येत होत्या. पुणं खूप लांब होतं, घर मागे राहिलं होतं. यजमान बैलांच्या शेपट्या पिरगाळत होते. आत्याबाई म्हणाल्या, "थांबीव. गाडीत बाळंत करतूस काय तिला?"

पेठेत रस्त्याला लागूनच एका मारवाडी जैन शेठचं दुकान होतं. गाडी त्या दारात थांबली ती केवळ तिथे सावली होती म्हणून. आतून शेठाणी बाहेर आल्या. बाळंतिणीचा विटाळ त्यांच्यातही पाळतात. परक्या बाईचं बाळंतपण घरात झालं की दुकानाचा उंबरासुद्धा काही दिवस अडकतो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आत आणा. धान्याची खोली मोकळी आहे." शेठ आतून काही बोलले. त्यांना त्या तिथूनच म्हणाल्या, "दुकान बंद ठेवू. धान्य काय पळून जातंय?"

त्यांनी गावच्या सुईणीला बोलावणं धाडलं. गेलेला गडी सुईणीबरोबर आणखी एका बाईला घेऊन आला. नाशकाकडून पुण्याला जाणारा एक टांगा घोडं लंगडलं म्हणून पेठेत अडकला होता, आणि त्यातली बाई डॉक्टर होती. नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातली, मराठी आपल्यासारखंच बोलणारी, वयानं माझ्याहून फार मोठी नसेल. तिचं सामान मात्र सोबतच्या दुसऱ्या टांग्यातून पुढे खेडला गेलं होतं. औषधं, हत्यारं, सगळं त्या पेटीत. तिच्या हातात एक छत्री होती.

मी तिला माझ्या कापण्याविषयी सांगितलं. तिनं लगेच हात धुवून पोटावर ठेवले. मूल सरळ आहे, डोकं खाली आहे, असं म्हणाली. मग व्रणावरून बोटं फिरवली. यजमानांना बाहेर नेऊन ती जे बोलली ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. "नवी गाडी मिळाली तरी आता पुण्याला पोचणार नाही, रस्त्यात हिसके बसतील. खेडला माणूस धाडा, पेटी परत आणू द्या. शिवण धरून राहिली तर सगळं ठीक होईल. नाही राहिली, तर पेटी नसताना माझ्या हातांत काही नाही." यजमान शेठचं तट्टू घेऊन स्वतःच गेले.

सुईण म्हातारी आणि खाष्ट होती. काढ्याचं भांडं तिनं चुलीवर चढवलंच होतं. डॉक्टरबाईंनी ते उतरवायला लावलं. सुईण माझ्या उशाशी आली नि पोटाला हात घालू लागली तेव्हा डॉक्टरबाईंनी आपला हात मधे ठेवला.

"बाई, तुमी किती येळा बाळंत झाला?" सुईणीनं विचारलं.

"एकदाही नाही."

"मंग हात बाजूला घ्या."

"मी हात बाजूला घेतला की तुम्ही दाबणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणून घेत नाही. तुम्ही पाठ चोळा तिची. ते मला तुमच्यासारखं येत नाही."

सुईण पुटपुटत पाठीमागे बसली. पाठ तिनं फार चांगली चोळली. दुपारभर असंच चाललं. डॉक्टरबाईंचा एक हात माझ्या मनगटावर, एक पोटावर. त्या घड्याळ बघत, मधेच माझ्या तोंडाकडे बघत. आत्याबाई कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याला टेकून होत्या. त्यांची नजर डॉक्टरबाईंच्या हत्यार नसलेल्या हातांवरच होती. नंतर कधीतरी त्यांनी मला सांगितलं, पेटी पुढे गेल्याचं ऐकलं तेव्हा त्यांना आधी बरं वाटलं होतं. देवीनं लोखंड रस्त्यातूनच पुढे धाडलं, आपला शब्द राहिला, असं त्यांच्या मनात आलं.

ऊन कलल्यावर कळा थांबल्या.

कमी झाल्या असं नव्हे, थांबल्या. मला फार हलकं वाटलं, झोप येऊ लागली. आणि त्याच क्षणी पुण्याच्या बाईडॉक्टरांचे शब्द आठवले आणि मी डोळे उघडले. मनगटावरची बोटं घट्ट झाली होती. डॉक्टरबाईंचा चेहरा पार उतरला होता. त्यांनी कान माझ्या पोटाला लावला. "दुखतंय कुठे? खांद्यात? फाटल्यासारखं?" मला काहीच सांगता येईना. मला नुसतं हलकं वाटत होतं. असं हलकं वाटणं चांगलं की वाईट, हेही कळत नव्हतं. पेटी आली नव्हती, यजमान आले नव्हते. डॉक्टरबाई दाराकडे बघत होत्या.

आत्याबाईंनी ते सगळं ओळखलं. त्या पोत्याजवळून उठल्या नि माझ्या पायांशी येऊन बसल्या. देवी तिथे नव्हती, तिथे धान्याची पोती होती. त्या पोत्यांकडेच तोंड करून त्या म्हणाल्या, अगदी शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात, "यमाई, म्या बोलले ते माघारी घेते. लोखंड लाव, काय लावायचं ते लाव. कुनाच्याबी हातानं लाव. माजा शब्द ऱ्हाऊ दे बाजूला. हिला ठेव."

सुईणीचे हात माझ्या पाठीवर थांबले. नवस माघारी घेणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. डॉक्टरबाईंना माहीत नसावं, पण त्यांनीही मान वर करून आत्याबाईंकडे बघितलं. आणि लोखंड तर त्या खोलीत कुठे नव्हतंच. आत्याबाईंनी आपला शब्द सोडला तो, जेव्हा त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता तेव्हा. मला रडू आलं. भीतीनं नव्हे, कशानं ते अजून मला सांगता येत नाही.

थोड्या वेळानं कळ आली. मग दुसरी, मोठी. डॉक्टरबाईंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "ठोके आहेत," त्या म्हणाल्या, "दमली होती पिशवी. नुसती दमली होती." दिवेलागणीला मुलगी झाली. ती रडल्यावर शेठाणींनी बाहेरून विचारलं, "दोघी?" आणि सुईण ओरडून म्हणाली, "दोगी बी!" पेटी आली तेव्हा बाळाला गुंडाळून झालं होतं. यजमान घामानं भिजले होते, ती पेटी छातीशी धरून ते दारातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी घोडं बरं झाल्यावर डॉक्टरबाई निघाल्या. मी त्यांचे पाय धरायला वाकले तर त्यांनी धरू दिले नाहीत. "याला उपचार म्हणू नका," त्या म्हणाल्या. "काल त्या थांबलेल्या वेळात ती शिवण उसवली असती तर मी तुमचा हात धरून बसले असते, एवढंच. कुणी विचारलं तर पेठेत असं झालं म्हणून सांगू नका. पुण्याला जा म्हणून सांगा." त्यांचं नाव मी विचारलं होतं. पुढे पुण्यात चौकशी केली, पण त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

घरी आल्यावर आत्याबाई मुलीला घेऊन देवळात गेल्या, ओटी भरली, पण कौल लावला नाही. त्यानंतर त्यांनी कधीच लावला नाही. शब्द माघारी घेतल्याबद्दल देवी रागावेल म्हणून त्या बराच काळ मुलीला एकटी सोडत नसत. मुलीला साधा ताप आला तरी त्या मूर्तीसमोर जाऊन बसत. मी एकदा विचारलं, "देवीनं काय ऐकलं, पहिला शब्द की दुसरा?" त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? मी बोलत व्हते, ऐकत ती व्हती." ही गोष्ट सांगताना त्या कधी काही लपवत नसत. पण ऐकणारे मधला भाग सोडून देत. लोकांना नवस हवा असतो. तो माघारी घेतल्याची गोष्ट कुणाला घरी घेऊन जाता येत नाही. म्हणून गावोगाव पोचलं ते एवढंच, की लोखंड लावणार नाही असं बोलल्यामुळे सून आपसूक मोकळी झाली.

सकाळी मी ठकूच्या सासूला हे सगळं सांगितलं. पोत्यांच्या खोलीचा भाग दोनदा सांगितला.

"म्हंजी शब्दच न्हाई व्हय?" ती म्हणाली.

"शब्द होता. त्यांनी तो परत घेतला."

"मंग पोर कशानं झाली?"

"मला माहीत नाही. पण माझी वाट मोकळी होती आणि हिची अरुंद आहे असं डॉक्टर म्हणतात. हिला कळा सोसायला लावल्या तर हिची शिवण माझ्यापेक्षा जास्त ताणली जाईल. एवढं मला माहीत आहे."

सासू गाठोड्याची गाठ आवळू लागली. ठकू आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "आत्या, मला पुन्याला न्या. मला भ्या वाटतंय, पर डोंगरात जास्ती वाटतंय."

"मला वाटत न्हाई व्हय?" सासू म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू येशील का संगं? तुला तितलं बोलनं कळतं."

मी कुठे जाणारी बाई नाही. सुतक संपलं तरी मी घराबाहेर फारशी पडलेले नव्हते. पण होय म्हटलं. यजमानांनी गाडी काढली. आम्ही वेळ हाती ठेवून पोचलो. डॉक्टरांनी ठकूला ठेवून घेतलं, आणि कळा सुरू व्हायच्या आधीच शस्त्रक्रिया करू असं सांगितलं. ठरलेल्या दिवशी सकाळी तिला आत नेलं तेव्हा तिची सासू नि मी बाहेरच्या कडुनिंबाखाली बसलो. सासूचे ओठ हलत होते. तिनं माझा हात धरला. "काय बोलू गं तिला? काय सोडू?"

"काही बोलू नका," मी म्हटलं. "बसा नुसत्या."

आम्ही बसलो. इतकी वर्षं मी शोधत होते, की तेव्हा मला कुणी वाचवलं: पहिल्या शब्दानं, माघारी घेतलेल्या शब्दानं, त्या छत्रीवाल्या बाईनं, लंगड्या घोड्यानं, की नुसत्या टिकलेल्या दोऱ्यानं. त्या झाडाखाली बसून हे मी पुन्हा मनात आणलं, आणि पहिल्यांदाच त्याचं उत्तर मिळायला हवं असं वाटलं नाही. ठकूला आत लोखंड लागत होतं. आत्याबाईंनी ज्याला विरोध केला आणि शेवटी जे देवीच्या हाती सोपवलं, तेच. दार गाठायचं तेवढं आमचं होतं, ते आम्ही गाठलं होतं. आत काय घडतंय ते आमचं नव्हतं. मला भीती होतीच, पण तिच्याशी भांडावंसं वाटत नव्हतं.

नर्स बाहेर आली नि नाव विचारलं. ठकूची सासू उठून उभी राहिली, नाव मीच सांगितलं. "मुलगा आहे," नर्स म्हणाली, "आणि आई शुद्धीवर येतेय. पाणी मागतेय, पण अजून देऊ नका." सासू खाली बसली आणि मातीत हात टेकून रडू लागली. रडता रडता म्हणाली, "म्या तर काहीच मागितलं न्हाई गं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मीही मागितलं नव्हतं. मिळालं ते पुष्कळ होतं, आणि ते कुणाच्या पायाशी नेऊन ठेवायचं ते मला बरोबर माहीत होतं. मी तिथेच बसून दोन्ही हात जोडले, यमाईला आणि आत्याबाईंना एकदमच.